बासष्ट मार्कांची बिअर

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, हे वाक्य न हसता म्हणणारा जिल्ह्यात बहुधा मी एकटाच उरलो असेन. मी विज्ञानाचा शिक्षक होतो, आणि दरवर्षी आंजीच्या शाळेत पोरांना व्यसनमुक्तीची शपथ मीच देतो. निवृत्त झालो तरी ते काम माझ्याकडेच राहिलं, कारण शपथ पाठ असलेला दुसरा माणूस गावात नाही. अशा माणसाची एका इंग्लिश बिअरचा परीक्षक म्हणून नेमणूक कशी झाली, ते जसं घडलं तसंच सांगतो. गावात या हकिकतीच्या बऱ्याच आवृत्त्या फिरत आहेत आणि त्यातल्या एकीत मी नाचलो आहे.

सुरुवात अश्विनच्या फोननं झाली. अश्विन माझा जुना विद्यार्थी. पुण्याला बिअर बनवणाऱ्या एका लहानशा कारखान्यात नोकरीला आहे. गावात तो ‘फूड लाइनमध्ये’ आहे असं सांगतात.

“सर, मी पोर्टर बनवली,” तो म्हणाला.

मग त्यानं खुलासा केला. पूर्वी लंडनचे हमाल ओझी वाहून थकले की एक काळी, भाजलेल्या जवाची बिअर प्यायचे. हमालांची म्हणून तिचं नाव पोर्टर. अश्विननं जुन्या पद्धतीनं ती तयार केली होती. पण त्याच्या मालकाला या वर्षी एकच नवीन बिअर बाजारात आणायची होती, आणि मालकाचं मन आंब्याच्या बिअरवर गेलं होतं. कंपनीच्या बाहेरच्या, चांगल्या जिभेच्या माणसाचा लेखी अभिप्राय आणलास तर विचार करतो, असं मालक म्हणाला. नाही तर अश्विन पुन्हा बाटल्या धुण्याच्या विभागात.

“अन् मी तुमचं नाव सांगून देलं, सर.”

“अश्विन, मी पीत नाही.”

“म्हणूनच तं! पिणाऱ्याची जीभ झोपेल रायते. तुमची जीभ तं जागी हाये. चवीचा तास आठवते का तुमाले?”

आठवणार नाही कसा? नोकरीभर मी तो तास घेतला. पोरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि जिभेवर काही तरी ठेवायचं. कधी तुरटी, कधी चिंच, कधी कडुनिंबाचा मोहोर. मग जिभेला काय कळलं ते सांगायचं. ‘छान’ या शब्दाला माझ्या वर्गात शून्य मार्क असत. छान हे मत आहे, चव नाही. या एका तत्त्वापायी माझे हेडमास्तरांशी आणि काही लग्नघरांशी संबंध बिघडले, पण तत्त्व टिकलं.

मी हो म्हणालो. आंब्याची बिअर होऊ घातली आहे असं ऐकल्यावर कुठल्याही शिक्षकानं हेच केलं असतं.

सौभाग्यवतींनी, म्हणजे सरितानं, बातमी शांतपणे ऐकून घेतली. “लोकाइले रिटायर झाल्यावर गुडघ्याचा त्रास होते,” ती म्हणाली. “तुमाले हे झालं.”

आता, अभ्यास न करता परीक्षा घेणारे शिक्षक असतात. मी त्यातला नाही. पोर्टरमध्ये कोणत्या चवी असायला हव्यात हे मी अश्विनकडून समजून घेतलं. कॉफी, काकवी, भाजलेलं धान्य, कडू चॉकलेट आणि पावाचा करपलेला पदर. पावाऐवजी मी ज्वारीची भाकरी घेतली. पदर हा पदरच. भाकरी मुद्दाम करपवणं हे सरिताच्या हातून होईना. सवय नाही म्हणाली. ते मीच केलं. गूळ काळा होईपर्यंत कढवण्याचा प्रयोग यशस्वी झाला, पण ते पातेलं आता अंगणात तुळशीशेजारी आहे आणि त्यात पक्षी पाणी पितात.

एप्रिल महिना होता. सुट्ट्या लागल्या की गावातली पोरं सकाळी माझ्या ओसरीवर शिकायला येतात. एवढं साहित्य घरात तयार आहे आणि पोरंही समोर बसली आहेत, तर एकट्यानंच चाखत बसणं मला स्वार्थीपणाचं वाटलं. मी डोळ्यांवर बांधायच्या पट्ट्या बाहेर काढल्या. पोरांनी कमाल केली. दीपमाला नावाची एक चिमुरडी करपलेली भाकरी चघळून म्हणाली, “सर, पयले कडू लागते. मंग गोड लागते. अन् मंग आई वरडते.”

इतकं नेमकं वर्णन मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मी तिला पैकीच्या पैकी दिले.

तेवढ्यात कोणी तरी विचारलं, “सर, हे सारं काऊन खाऊन राह्यलो आपन?” प्रश्न विचारणाऱ्या मुलाला खरं उत्तर द्यावं, असं मी शिक्षकांच्या प्रशिक्षणात अनेकदा सांगितलं आहे. मी खरं उत्तर दिलं.

संध्याकाळी फाटकाशी पालक जमले. पोरांनी घरी जाऊन एकमुखानं सांगितलं होतं की सरांनी आज बिअर शिकवली.

सर्वांत पुढे लीलाबाई. लीलाबाई म्हणजे आमच्या गावच्या दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्षा. रस्त्यानं जाणाऱ्या स्कूटरची डिक्की वाजते कशी, एवढ्यावरून त्यांनी आजवर अनेकांना उतरवलं आहे. शपथेच्या कार्यक्रमाला मला दरवर्षी नारळ त्याच देतात.

“सर,” त्या म्हणाल्या, “शाळा उघडली का शपथेचा कार्यक्रम हाये. पोट्टे हात पुढं करून तुमच्या मांगं म्हनतीन, मी पिनार नाई. अन् तुमी पिऊन येसान?”

मी त्यांना परीक्षण आणि प्राशन यातला फरक समजावून सांगितला. त्यांनी तो समजून घेतला नाही. मग मी शब्द दिला. “घोट तोंडात घेईन, घोळवीन आणि थुंकून टाकीन. एक थेंब आत जाणार नाही. गेला, तर शपथ मी देणार नाही. दुसरा माणूस बघा.”

फाटकाशी पालकांचे चेहरे पडले. ती शपथ किती लांब आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

“ठीक हाये,” लीलाबाई म्हणाल्या. “मंग मी संग येते. थुंकता का नाई, थे मी पायते.”

इथवर प्रकरण माझ्या हातात होतं. नंतर त्यात बाबाराव आले. बाबाराव आमचे शेजारी. कोर्टात बेलिफ होते. आयुष्यभर लोकांच्या दारावर समन्स चिकटवल्यामुळे कायदा आपण आतून ओळखतो, असं त्यांना वाटतं. त्यांचा सल्ला विचारावा लागत नाही. तो कुंपणावरून येतो.

“गुरुजी, बिनापरवान्यानं जीभ लावजा नोका,” ते म्हणाले. “उद्या कोनी तक्रार केली तं? चाला, वर्ध्याले जाऊन लेखी परवानगी घेऊ.”

म्हणून आम्ही वर्ध्याच्या त्या कार्यालयात गेलो. मी इस्त्रीचा सदरा घातला होता. टेबलामागच्या तरुण कारकुनानं माझं म्हणणं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं.

“काकाजी, इथं दारू पकडतात.”

“म्हणूनच परवानगी घ्यायला इथे आलो.”

“प्यायची परवानगी?”

“परीक्षणाची.”

त्यानं मला दुसऱ्या टेबलाकडे पाठवलं. दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तिसऱ्यानं मला पुन्हा पहिल्याकडे पाठवलं, तोवर पहिल्यानं सगळ्या खोलीला गोष्ट सांगून ठेवली होती. शेवटी आतले साहेब स्वतः बाहेर आले. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, घरी कोण कोण असतं ते विचारलं. मग हळू आवाजात म्हणाले, “सर, आमच्या जिल्ह्यात असं विचारायला कोणी येत नाही. तुमचा अर्ज कोणत्या फायलीत लावायचा हेच आम्हाला माहीत नाही. तुम्ही नदी ओलांडा. पुलाच्या पलीकडे अमरावती जिल्हा. तिकडच्या दुकानात एका दिवसाचा परवाना मिळतो. आम्हाला मोकळं करा.”

बाबाराव बाहेर आल्यावर म्हणाले, “पाह्यलं? कायद्यानं गेलं का रस्ता निघते.”

असा बेत ठरला. धामणगावजवळ बाबारावांचे साडू चंद्रभान यांचं शेत आहे. ते वर्धा नदीच्या पलीकडे, म्हणजे अमरावती जिल्ह्यात. अश्विननं पुण्याहून समृद्धी महामार्गानं गाडी आणायची, धामणगावला उतरायचं आणि आम्ही तिथे थांबायचं. बिअर आमच्या जिल्ह्यात पाऊलसुद्धा टाकणार नव्हती.

बाबारावांच्या गाडीत पुढे लीलाबाई बसल्या, कारण मागे बसलं की त्यांना मळमळतं. मागे मी आणि सरिता. तिनं डबा घेतला होता. मांडीवर माझी पेटी होती, तीत काचेचं चंचुपात्र, थर्मामीटर, पांढरा कागद आणि लाल पेन. पुलगाव सोडून पूल ओलांडला तेव्हा लीलाबाईंनी मागे वळून नदीकडे असं पाहिलं, जणू परदेशी चालल्या आहेत.

पलीकडच्या दुकानात मी एका दिवसाचा परवाना मागितला.

“अन् बाटली कोन्ती देऊ, काका?”

“बाटली नको. फक्त परवाना.”

दुकानदारानं गल्ल्यावर बसलेल्या आपल्या वडिलांना हाक मारली. वडिलांनी चष्मा लावून मला पाहिलं. परवाना मिळाला, पण दुकानातून निघताना मागे कोणी तरी ‘आजारी दिसतात बिचारे’ असं म्हटल्याचं मला ऐकू आलं.

चंद्रभानच्या शेतात निंबाखाली बाजा टाकल्या होत्या. ऊन असं होतं की निंबाची सावलीसुद्धा खोडाला चिकटून बसली होती. आम्ही वाट पाहत राहिलो. सरितानं डबा उघडला. डबा संपला. चंद्रभाननं दोनदा चहा केला. मग फोन वाजला.

“सर,” अश्विनचा आवाज बारीक झाला होता. “मी विरूळले हाओ.”

समृद्धी महामार्गाची एक गोष्ट माहीत असायला हवी. त्यावर मागे वळता येत नाही. धामणगावचा फाटा हुकला की पुढचा थेट विरूळचा, आणि विरूळ म्हणजे आर्वी तालुका. वर्धा जिल्हा. आमचा हा पोरगा जेव्हा जेव्हा गावी आला तेव्हा तेव्हा विरूळलाच उतरला होता. गाणी ऐकत आला, नदी दिसली, घर आलं असं वाटून आनंद झाला आणि सवयीनं तिथे उतरला. गाडीत थर्मोकोलचा डबा, डब्यात बर्फ, बर्फात पोर्टर.

बाबाराव उठून उभे राहिले. “झालं. थे बिअर आता गुन्हा झाली.”

विज्ञानाच्या दृष्टीनं हे मोठं नवल होतं. पाण्याचं बर्फ व्हायला थंडी लागते. इथे एक द्रव पदार्थ काही किलोमीटर पुढे सरकल्यानं आरोपी झाला होता, आणि तेवढाच मागे आला की पुन्हा निर्दोष होणार होता. पोरांना शिकवायला फार चांगलं उदाहरण होतं, पण ते पोरांना सांगण्यासारखं नव्हतं.

सगळे लीलाबाईंकडे पाहू लागले. त्यांच्या हातात फोन होता. आर्वीच्या ठाण्याचा नंबर त्यांना पाठ आहे, हे आम्हाला ठाऊक होतं.

“लीलाबाई,” मी म्हणालो, “पोरगा चुकला आहे. परत येतो आहे.”

लीलाबाईंनी एकदा फोनकडे पाहिलं. मग तो कमरेला खोचला.

“माह्यं मंडळ वर्धा जिल्ह्यातलं हाये,” त्या म्हणाल्या. “मी आता अमरावती जिल्ह्यात बसून हाओ. इथून मले तिकडचं काई दिसत नाई.” आणि त्यांनी बाजेवर तोंड फिरवून नदीकडे पाठ केली. “त्याले सांगा, मी तोंड फिरवाच्या आत लौकर इकडं ये म्हना.”

अश्विन आला तेव्हा घामानं त्याचा शर्ट काळा झाला होता. त्यानं माझ्या पाया पडायला वाकून डबा जवळजवळ माझ्या पायावर पाडला. चंद्रभाननं स्टीलचे पेले आणले. मी ते नाकारले. स्टीलमध्ये रंग दिसत नाही. चंचुपात्र काढलं, ओतलं, मागे पांढरा कागद धरला. रंग काळा. पण उन्हात धरल्यावर कडेला पिकलेल्या जांभळासारखी लाली. फेस खाकी, दाट. वास घेतला. कॉफी, भाजलेलं धान्य, आणि सरिताच्या तव्यावरची ती भाकरी. मी खूश झालो. पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. परीक्षकाचा चेहरा हा उत्तरपत्रिकेसारखा बंद असावा.

“आता घोट घेतो आणि थुंकतो,” मी जाहीर केलं. लीलाबाई खुर्ची ओढून समोर येऊन बसल्या.

अश्विन घाबरला. “सर, बिअर थुंकत नसतात. तिचा कडूपना घशापाशी समजते. गिळलीच नाई तं अर्धा पेपरच तपासला नाई.”

पेच खरा होता. अर्धा पेपर तपासून मार्क देणं माझ्या तत्त्वात बसत नाही. दिलेला शब्द मोडणं त्याहून बसत नाही. एकीकडे बाटल्या धुणारा अश्विन, दुसरीकडे लीलाबाई. मी डोळे मिटून विचार केला, आणि मला उपाय सुचला. घसा दुखला की आपण मिठाच्या पाण्यानं काय करतो? गुळणी. पाणी घशापर्यंत जातं, घसा शेकतो, आणि गिळावं लागत नाही.

“गुळणी करतो,” मी म्हणालो.

बाबाराव म्हणाले, “कायद्यात बसते.”

मी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर जाऊन उभा राहिलो, मोठा घोट घेतला, मान मागे टाकली आणि आभाळाकडे तोंड करून गुळणी सुरू केली. बिअरला फेस येतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. हलवल्यावर तो किती येतो हे पुस्तकात नव्हतं. पहिल्या ‘गळळळ’ला फेस गालांत भरला. दुसऱ्याला ओठांतून बाहेर आला. तिसऱ्याला नाकातून. श्वास घ्यायला जागा उरली नाही. निसर्गानं अशा वेळी शरीराला एकच सोय दिली आहे, आणि शरीरानं ती वापरली.

“गेली,” लीलाबाई म्हणाल्या.

“काय गेलं?” मी खोकत विचारलं.

“आत गेली. गळ्याची घाटी हालली तुमची.”

मी नाकारलं नाही. सदऱ्यावर फेस होता, मिशीवर फेस होता, आणि सरिता पदरानं तोंड झाकून लांबच्या निंबाकडे पाहत होती. तिचे खांदे हलत होते.

त्यानंतर सगळे माझ्याभोवती गोल बसले आणि मला कधी चढते याची वाट पाहू लागले. माणसाला इतकं निरखून पाहिलं की तो सरळ बसला तरी तिरका दिसतो. बाबाराव म्हणाले, “गुरुजी, सतराचा पाढा म्हना.” मी म्हटला. “एकोणतीसचा म्हना.” एकोणतीसचा पाढा मला शुद्धीतही कधी नीट आला नाही. एकोणतीस सत्तेला मी थांबलो.

“चढली,” चंद्रभान म्हणाला.

“दोनशे तीन!” मी ओरडलो. पण ओरडल्यामुळे त्यांचा संशय वाढला.

अशा अवस्थेत मी निकाल लिहिला. लाल पेनानं, मोठ्या अक्षरात, शंभरपैकी बासष्ट. खाली शेरा: ‘प्रयत्न चांगला. करपलेल्या भाकरीचा पदर उत्तम साधला आहे. पहिले कडू, मग गोड, हा क्रम बरोबर. शेवट मात्र घाईत उरकला आहे. पुन्हा करावे.’ त्याखाली सही, पुंडलिक भोयर, निवृत्त विज्ञान शिक्षक, आंजी (मोठी).

अश्विननं कागद वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. “सर, ऐंशी करा नं. दुसऱ्या परीक्षकाइनं त्या आंब्याले पंच्याण्णव देल्ले. मालक हे पाहून मले बाटल्या धुवाच्या हौदावर पाठवते.”

“शेवट घाईत झाला की नाही?”

“झाला,” तो म्हणाला. “थोडी लौकर काढली मी.”

“मग?”

“तुमी मले दहावीतबी विज्ञानात बासष्टच देलते.”

“तेव्हाही शेवट घाईत झाला होता.”

तो गेला. परतीच्या वाटेवर पूल ओलांडताना मी लीलाबाईंना म्हणालो, “शपथेसाठी दुसरा माणूस बघा. मी शब्द दिला होता.”

लीलाबाई पुढूनच म्हणाल्या, “पाऊ.”

पुढचे दिवस मी ओसरीवर गणित शिकवलं. चवीचा तास बंद ठेवला. रात्री जेवताना भाकरी जरा करपलेली लागली की ती बाजूला सारायचो. पोराचे मार्क कापले आणि शपथही घालवली. बासष्टच्या जागी ऐंशी लिहायला शाई काही जास्त लागली नसती.

जूनच्या शेवटी शाळा उघडली आणि शपथेचं आमंत्रण माझ्याच नावानं आलं. लीलाबाई स्वतः घेऊन आल्या. “दुसऱ्या दोघाइले पाठ कराले देलती,” त्या म्हणाल्या. “एक अर्ध्यात विसरला. दुसऱ्यानं पाठच नाई केली, त्याले थे मंजूरच नाई म्हने. तुमीच या. गेली थे फेसानं गेली. मी पाह्यलं.”

कार्यक्रमाला सगळी शाळा मैदानात रांगेनं बसली होती. मंचावरच्या टेबलावर मंडळानं दरवर्षीप्रमाणे पकडलेल्या, रिकाम्या केलेल्या बाटल्या मांडल्या होत्या, पोरांनी पाहून घाबरावं म्हणून. मी माईकसमोर उभा राहिलो. पहिल्या रांगेतून दीपमाला उठली आणि बोट दाखवून मोठ्यानं वाचू लागली. दिसेल ते छापील वाचावं, ही सवय तिला मीच लावली आहे.

“सर, त्या बाटलीवर तुमचं नाव हाये!”

खरंच होतं. काळी बाटली. तिच्यावर उत्तरपत्रिकेसारखा पांढरा कागद, त्यावर माझ्याच अक्षरात लाल शाईचे बासष्ट, गोल केलेले, आणि खाली माझा शेरा, सहीसकट. बिअरचं नावच त्यांनी ‘बासष्ट’ ठेवलं होतं. अश्विनचा उलगडा करणारा फोन संध्याकाळी आला. आंब्याच्या परीक्षकांनी नुसतं ‘छान’ लिहिलं होतं, आणि पोर्टरला काय लागतं हे एकट्या माझ्या कागदावरून मालकाला कळलं. त्यानं शेवट दुरुस्त करायला लावला आणि आंबा रद्द केला. पण हे सगळं संध्याकाळी. त्या क्षणी मला एवढंच कळलं की अश्विन हौदावर नाही. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं आणि चेहऱ्यावर हसू आलं. ते मंचावर यायला नको होतं.

लीलाबाईंनी बाटली उचलून तिचं तोंड भिंतीकडे केलं. उशीर झाला होता.

“सर,” दीपमालानं विचारलं, “बासष्ट म्हंजे फर्स्ट क्लास असते नं?”

प्रश्न विचारणाऱ्या मुलाला खरं उत्तर द्यावं.

“हो,” मी म्हणालो. “फर्स्ट क्लास.”

लीलाबाई माझ्या कानाशी वाकल्या. “सर, माईक चालू हाये,” त्या म्हणाल्या. “आता शपथ द्या.”